दिवस मागून आखायचा: कामाला नव्यानं लागलेल्यांसाठी

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी रोज सकाळी कामांची यादी करायचे. सतरा-अठरा कामं सहज निघायची. रात्री त्यातली सहा-सात उरकलेली असायची, बाकीची दुसऱ्या दिवशीच्या यादीत जायची आणि झोपायला उशीर व्हायचा तो वेगळाच. विश्रांती त्या यादीत कधीच नसायची. ती उरलेल्या वेळात घ्यायची होती, आणि वेळ काही उरायचा नाही.

पुढे एकच गोष्ट बदलली. दिवस सकाळपासून आखायचं सोडलं आणि रात्रीपासून मागे मागे आखायला लागले. आधी झोप, मग काम थांबवायची वेळ, मग मधली उसंत आणि सगळ्यात शेवटी कामं. म्हणजे ज्या क्रमानं दिवस जगतो, त्याच्या बरोबर उलट क्रमानं तो कागदावर उतरवायचा. खालच्या पायऱ्याही त्याच क्रमानं आहेत. नोकरी असो, स्वतःचा व्यवसाय असो, घरून काम असो की परीक्षेचा अभ्यास, क्रम तोच राहतो. मात्र सगळं एकाच सोमवारी सुरू करू नका. आठवड्याला एक पायरी पुरे.

आधी एक शंका

"काम एवढं पडलंय, आणि तास कमी करायचे म्हणताय?" हे कुणीतरी विचारतंच. मीही विचारलं असतं.

पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामगार आठवड्याला साठ-साठ, सत्तर-सत्तर तास राबत होते. त्यांच्या आरोग्याची पाहणी करायला सरकारनं एक समिती नेमली होती आणि तिनं तास व उत्पादन यांच्या नोंदी ठेवल्या होत्या. अर्थशास्त्रज्ञ जॉन पेन्कावेल यांनी २०१४ मध्ये त्या नोंदी पुन्हा तपासल्या. साधारण ५० तासांपर्यंत तास वाढले की उत्पादनही त्याच मापानं वाढत होतं. त्यापुढे मात्र वाढ मंदावत गेली. ७० तास राबलेल्यांचं उत्पादन ५६ तासवाल्यांपेक्षा फारसं वेगळं नव्हतं. वरचे चौदा तास जवळपास पाण्यात.

कारखान्यातला माल मोजता येतो, म्हणून हे कळलं. आपण लिहिलेले अहवाल, केलेले हिशेब, दिलेली उत्तरं अशी मोजता येत नाहीत. त्यामुळे आपले पाण्यात गेलेले तास आपल्याला दिसतच नाहीत, उलट ते मेहनतीच्या खात्यात जमा होतात. आणि त्यांची वसुली शरीर करतं ती वेगळी. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये एकत्र अंदाज मांडला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त असतो.

पायरी पहिली: झोपायची वेळ लिहा

कागदाच्या अगदी तळाशी. सकाळी उठायची वेळ बहुतेकांच्या हातात नसते, त्यामुळे तिथून मागे मोजायचं. प्रौढ माणसाला रोज किमान सात तास झोप हवी, असं झोपेवर काम करणारे तज्ज्ञ सांगतात. पडल्या पडल्या झोप लागत नाही हे धरून आठ तास मागे या. साडेसहाला उठायचं तर साडेदहाला अंथरुणात.

"मला सहा तास पुरतात" असं म्हणणारे खूप भेटतात. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही लोकांना सलग चौदा दिवस रोज सहाच तास झोपू दिलं. दोन आठवड्यांनंतर लक्ष आणि स्मरण यांच्या चाचण्यांत त्यांची घसरण एक ते दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी झाली होती. यापेक्षा बोलकी गोष्ट पुढे आहे. आपण इतके ढेपाळलोय हे त्यांना स्वतःला फारसं जाणवत नव्हतं. म्हणून झोप पुरते की नाही हे स्वतःच्या मनाला विचारण्यात अर्थ नाही. सुट्टीच्या दिवशी गजर न लावता तुम्ही नेहमीपेक्षा दोन-तीन तास जास्त झोपता का, एवढं बघा. झोपत असाल तर थकबाकी आहे.

चहा-कॉफीची शेवटची वेळही इथेच ठरवून टाका. पोटात गेलेलं कॅफीन निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. माणसागणिक यात बराच फरक पडतो, पण झोपायच्या सहा तास आधी घेतलेल्या मोठ्या मात्रेनंही झोप तासाभरापेक्षा जास्त कमी झाल्याचं प्रयोगात दिसलेलं आहे. साडेदहाला झोपणाऱ्यानं शेवटचा कप तीनच्या आत संपवावा. फोन उशाशी न ठेवण्याबद्दल सगळ्यांनी सगळं सांगून झालंय, मी वेगळं काय सांगणार. तो हाताच्या अंतराबाहेर ठेवा.

पायरी दुसरी: आवराआवर

माझ्या मते सगळ्या पायऱ्यांमध्ये ही सर्वांत महत्त्वाची, आणि हिच्याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं.

काम थांबवायची वेळ ठरवली की काम थांबतं, असं नाही. लॅपटॉप मिटतो, डोकं चालूच राहतं. जेवताना तो अर्धवट राहिलेला मेल, अंघोळीत उद्याची मीटिंग, झोपताना "अरे, त्यांना कळवायचं राहिलंच". १९२७ मध्ये ब्ल्यूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी यावरचे पहिले प्रयोग प्रसिद्ध केले. पुरी झालेली कामं मनातून लवकर पुसली जातात आणि अर्धवट राहिलेली घोळत राहतात, असं त्यांना आढळलं. पुढच्या काळात या निष्कर्षावर वादही झाले. पण डोक्याला लागलेला हा भुंगा ज्यानं अनुभवला नाही असा माणूस मला भेटलेला नाही.

यावर उपाय म्हणजे सगळी कामं संपवणं, असं वाटतं. ती कधीच संपत नाहीत. ई. जे. मासिकॅम्पो आणि रॉय बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये दाखवलं की काम पुरं करायची गरजच नसते. ते कधी आणि कसं करायचं हे नेमकं ठरवून टाकलं, तरी मन त्याला सोडतं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला, अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात ५७ तरुणांवर झालेला प्रयोग तर अगदी घरगुती वाटावा असा आहे. झोपण्यापूर्वी पाच मिनिटं निम्म्यांनी पुढच्या दिवसांत करायची कामं लिहिली, निम्म्यांनी उरकलेली. करायची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं आधी झोप लागली. यादी जितकी बारकाईनं लिहिलेली, तितकी झोप लवकर.

तेव्हा काम थांबवायच्या वेळेआधीची पंधरा मिनिटं आवराआवरीसाठी राखून ठेवा. या पंधरा मिनिटांत नवीन काही हातात घ्यायचं नाही. दिवसभरात जे जे अर्धवट राहिलं ते कागदावर उतरवायचं आणि प्रत्येकापुढे पुढची नेमकी कृती लिहायची. "अहवाल" असं लिहिलंत तर भुंगा जाणार नाही. "अहवालातला तिसरा तक्ता मूळ आकड्यांशी ताडून बघणे, उद्या साडेनऊ" असं लिहिलंत तर जाईल. मग उद्याचं पहिलं काम ठरवा, त्याची फाइल उघडून ठेवा किंवा कागद वर काढून ठेवा. टेबल आवरा. शेवटी एखादी ठरलेली खूण असू द्या: दिवा मालवणं, वही कपाटात ठेवणं, कपडे बदलणं. घरून काम करणाऱ्यांना तर ही खूण लागतेच, कारण त्यांना ऑफिसातून घरी यायचा रस्ताच नसतो.

आता खरी अडचण. तुम्ही आवरलंत, पण साहेब आठ वाजता मेसेज टाकतात. नव्या माणसाला उत्तर न देण्याची भीती वाटते आणि ती खोटी नसते. मी स्वतः हे चुकीच्या पद्धतीनं केलं होतं. कुणाला काही न सांगता एकदम उत्तरं देणं बंद केलं आणि आठवडाभरात "हल्ली लक्ष नसतं हिचं" असं ऐकून घेतलं. चूक माझीच होती. आधी सांगायला हवं होतं: "सर, सातनंतर मी मेसेज बघत नाही, सकाळी नऊला सगळ्यांना उत्तरं देते. तातडीचं असेल तर सरळ फोन करा, मी उचलेन." यात नकार नाही, फक्त वाट बदललेली आहे. मेसेज टाकताना कुणी विचार करत नाही, फोन करताना करतो. त्यामुळे फोन फारसे येत नाहीत. आणि सकाळी नऊ म्हणजे नऊ. ते एकदा जरी चुकलं तर सगळं मुसळ केरात.

जिथे पाळ्या असतात किंवा रात्री-अपरात्री बोलावणं हा कामाचाच भाग असतो, तिथे ठरलेली वेळ शक्य नाही. तिथे आवराआवर पाळीच्या शेवटी करायची, मग घड्याळात काहीही वाजलेले असोत.

पायरी तिसरी: मधली उसंत

कामं लिहिण्याआधी ही लिहायची, कारण नंतर तिला जागाच उरत नाही.

फोनवर बोटं फिरवत बसणं ही विश्रांती नाही. डोळे तेच, मान तशीच वाकलेली आणि डोक्यात माहितीचा लोंढा चालूच. उसंत घ्यायची तर कामात जे वापरलं जातं त्याच्या उलट काहीतरी करावं. बसून काम करणाऱ्यानं उठावं, बोलून दमलेल्यानं गप्प बसावं, दिवसभर उभं राहणाऱ्यानं पाय वर घ्यावेत. पडद्याकडे बघणाऱ्यानं दर वीस मिनिटांनी वीस सेकंद सुमारे सहा मीटर लांबचं काहीतरी न्याहाळावं.

किती वेळानं थांबायचं? सर्वांत प्रसिद्ध उत्तर फ्रान्चेस्को चिरिल्लो यांचं. १९८० च्या दशकाच्या शेवटी विद्यार्थी असताना त्यांनी टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं टायमर घड्याळ अभ्यासाला लावलं. इटालियनमध्ये टोमॅटोला पोमोदोरो म्हणतात, त्यावरून पद्धतीचं नाव पडलं पोमोडोरो. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं थांबायचं, अशा चार फेऱ्या झाल्या की मोठी सुट्टी. चालढकल चाललेल्या, नकोशा कामासाठी हे अफलातून आहे, कारण पंचवीस मिनिटं कुणीही सोसू शकतं. पण लिखाण, प्रोग्रॅमिंग, किचकट हिशेब यांत सूर लागायलाच वीस मिनिटं जातात आणि मग घंटा वाजते. अशा कामाला मी पन्नास मिनिटं आणि दहा मिनिटं असं माप लावते. पंचवीस या आकड्यात जादू काही नाही. घंटा वाजल्यावर खरंच उठायचं, एवढंच त्यात पाळण्यासारखं आहे.

दुपारी दोन-तीनच्या सुमारास येणारी गुंगी हा आळस नव्हे. शरीराच्या रोजच्या तालातच तिथे एक उतार असतो. न जेवणाऱ्यालाही तो येतो. शक्य असेल तर वीस मिनिटं डोळे मिटा. अमेरिकेच्या नासा संस्थेनं लांब पल्ल्याच्या वैमानिकांवर केलेल्या अभ्यासात त्यांना पाळीपाळीनं ४० मिनिटांची मोकळीक दिली होती. सरासरी २६ मिनिटं ते झोपले आणि पुढच्या प्रवासात न झोपलेल्यांपेक्षा जास्त सावध राहिले. तासभर मात्र झोपू नका. गाढ झोपेतून उठलं की डोकं अर्धा तास जड राहतं आणि रात्रीची झोपही बिघडते. डुलकी शक्य नसेल तर त्या वेळेला फायली लावणं, फॉर्म भरणं असली डोकं न लागणारी कामं ठेवा.

पायरी चौथी: आता कामं

कागदावर झोप, आवराआवर आणि उसंत लिहून झाली. मधे जे उरलं तेवढाच तुमचा कामाचा दिवस. तो अपेक्षेपेक्षा बराच लहान दिसतो, आणि पहिल्यांदा बघताना धक्का बसतो.

एखाद्या कामाला किती वेळ लागेल हे सांगण्यात माणूस फारच कच्चा आहे. १९९४ मध्ये कॅनडातल्या काही संशोधकांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवस लागतील? सरासरी उत्तर आलं ३३.९ दिवस. सगळं बिनसलं तर? ४८.६ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५.५. सगळं बिनसेल असं धरून केलेला अंदाजही कमी पडला! तेव्हा मनात येईल त्या आकड्याला दीडनं गुणा आणि मगच लिहा. शिवाय दिवसात एक तास कोराच ठेवा. तो भरायची चिंता नको, भरणारे येतात.

दिवसाला तीन मुख्य कामं पुरे, बाकी किरकोळ. सर्वांत अवघड काम तुमच्या सर्वांत चांगल्या वेळेला. ती सकाळीच असते असं नाही. आठवडाभर दर दोन तासांनी डोकं किती चालतंय याला पाचपैकी गुण द्या, मग कळेल. माझी वेळ अकरा ते एक आहे. अनेक वर्षं ती मी मेलना उत्तरं देण्यात घालवली.

एका वेळी एकच काम करा, हा सल्ला जुना आहे, पण त्यामागचं कारण सांगण्यासारखं आहे. सोफी लरॉय या संशोधक बाईंनी २००९ मध्ये दाखवलं की एका कामावरून दुसऱ्यावर गेलो तरी लक्षाचा काही भाग आधीच्या कामाला चिकटून राहतो. आधीचं अर्धवट सुटलं असेल तर जास्तच. म्हणून मेसेज दिवसातून तीन ठरलेल्या वेळी बघा. आणि मधेच कुणी हाक मारलीच, तर उठण्यापूर्वी एक ओळ खरडून ठेवा: "इथवर आलेय, पुढे हे करायचंय." तीस सेकंद जातात. परत आल्यावर शोधाशोध वाचते.

पायरी पाचवी: ताण चढतो तेव्हा

थोडा ताण कामाला धार आणतो, त्याच्याशी भांडू नका. प्रश्न तो येण्याचा नाही, न उतरण्याचा आहे.

त्या क्षणी करण्यासारखं काही हवं असेल तर श्वास. नाकानं श्वास घ्या, भरत आल्यावर त्यावरच आणखी एक छोटा श्वास घ्या, आणि मग तोंडानं सावकाश, लांबवर सोडा. असं पाच मिनिटं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासात महिनाभर रोज एवढंच करणाऱ्यांची मनःस्थिती तितकाच वेळ ध्यान करणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारली होती. दिवसाच्या पातळीवर उपयोगी पडते ती हालचाल. आठवड्याला किमान दीडशे मिनिटं झपझप चालणं, असं जागतिक आरोग्य संघटनेचं माप आहे.

पण पुष्कळदा ताण श्वासानं जाणारा नसतोच, तो अंगावर घेतलेल्या कामांचा असतो. नवीन माणसाला "नाही" म्हणता येत नाही. म्हणू नका. पाचवं काम आलं की यादी पुढे करा आणि विचारा, "हे आज करते. मग या चारांतलं कोणतं उद्यावर टाकू?" निवड करायचं ओझं ज्याचं आहे त्याच्याकडे परत जातं. निम्म्या वेळा उत्तर येतं, "राहू दे, हे परवा दिलंस तरी चालेल."

इतकं करूनही कधीकधी गाडं अडतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये 'बर्नआउट'ची व्याख्या केली. रोग म्हणून नव्हे, तर कामाच्या जागी सतत साचलेल्या ताणातून उद्भवणारी अवस्था म्हणून. तिच्या तीन खुणा: अंगातलं त्राण गेल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मनात दुरावा किंवा कडवटपणा येणं, आणि हातून धड काही होत नाही असं वाटणं. या खुणा दिसल्या तर आपली आखणी चुकली असा लगेच निष्कर्ष काढू नका. तीन माणसांचं काम एकावर टाकलं असेल तर जगातली कुठलीही वही ते निभावून नेणार नाही. तिथे वरिष्ठांशी बोलणं किंवा जागा बदलणं हाच उपाय. आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ मन खिन्न राहत असेल, आवडत्या गोष्टी नकोशा झाल्या असतील, झोप किंवा भूक उडाली असेल, तर डॉक्टरांना भेटा. जीव नकोसा वाटत असेल तर वाट बघू नका, त्याच दिवशी कुणाला तरी सांगा आणि मदत घ्या.

घडी विस्कटली तर

विस्कटणारच. आजारपण, पाहुणे, अचानक आलेली मुदत. अशा दिवशी काय सोडायचं याचा क्रम आधी ठरलेला असावा. पहिल्यांदा किरकोळ कामं जातात, मग तीनातलं तिसरं, मग दुसरं. उसंत पन्नास मिनिटांऐवजी नव्वद मिनिटांनी येईल, चालेल. आवराआवर पाचच मिनिटांची होईल, पण होईल. झोप सर्वांत शेवटी. आठवड्यातून एकदा अर्धा तास बसून गेल्या सात चिठ्ठ्या चाळा. एकच काम सलग चार दिवस पुढे ढकललेलं दिसलं तर ते एक तर फार मोठं आहे, तोडायला हवं, किंवा ते तुम्हाला करायचंच नाही.

आज रात्रीपासून सुरू करायचं असेल तर एक कोरा कागद घ्या आणि खालून वर लिहीत जा. तळाला: १०.३० झोप. त्यावर: १०.०० फोन लांब. त्यावर: ६.४५ ते ७.०० आवराआवर. त्यावर: ५.०० ते ६.०० कोरा तास. त्यावर: ३.०० शेवटचा कप. त्यावर: २.०० डुलकी किंवा फेरी. त्यावर: ११.०० ते १.०० अवघड काम, मधे दहा मिनिटं उठणं. सगळ्यात वर: ९.३० तिसरा तक्ता ताडून बघणे. चिठ्ठी लिहायला दहा मिनिटं लागतील असा माझा अंदाज आहे. म्हणजे पंधरा धरा.